विश्लेषण : आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी शिकायचे तरी काय? सिद्धान्त, शेजाऱ्याची भाषा की कांद्याचा हिशेब?

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आणि ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागू झाले होतेच. बंदीची अधिसूचना निघताच नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. पुढच्या काही महिन्यांत केंद्राने निवडक देशांना सरकारी मार्गाने मोजका कांदा पाठवायला परवानगी दिली. त्यात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका हे सहा देश होते. ४ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, बंदी उठली. तरी शुल्क आणि किमान मूल्य राहिलेच.

या घटनाक्रमात परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासाला लागणारे जवळजवळ सगळे काही आहे. देशांतर्गत महागाई, निवडणूक, शेजारी देशांशी मैत्री, व्यापाराचे नियम, समुद्रमार्ग आणि या सगळ्याचे ओझे वाहणारा एक उत्पादक. मग आंतरराष्ट्रीय अभ्यास किंवा आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात दोन वर्षांचे एमए करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगता यायला हवी. ती येते का? येत नसेल, तर अभ्यासक्रमात काय कमी आहे? देशभरातील सरकारी आणि खासगी विद्यापीठांत या विषयाच्या जागा वाढत असताना, आणि खासगी विद्यापीठांतील शुल्क लाखांच्या घरात असताना, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

हा विषय विद्यापीठांत आला कोठून?

पहिल्या महायुद्धाने युरोपची एक पिढी कापून काढली. असे पुन्हा होऊ नये म्हणून युद्धाची कारणे शास्त्रशुद्ध पद्धतीने अभ्यासावीत, या विचारातून १९१९ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. ‘युद्ध का होते’ हा या विषयाचा मूळ प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र अमेरिकेकडे सरकले. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यातून विज्ञानाबरोबरच परदेशी भाषा आणि प्रदेश अभ्यासासाठी विद्यापीठांना पैसा मिळू लागला. प्रतिस्पर्ध्याला ओळखायचे तर त्याची भाषा येणारी माणसे हवीत, एवढा हा सरळ हिशेब होता.

भारतात १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले. ए. अप्पादोराय हे तिचे पहिले संचालक. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला जगाविषयी स्वतःचे ज्ञान हवे, उसने नको, ही त्यामागची भूमिका. १९७० मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. महाराष्ट्रातही या विषयाला परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, शिवाय पुण्यात खासगी संस्थांचेही अभ्यासक्रम चालतात. म्हणजे पाटी कोरी नाही. तिच्यावर काय लिहायचे, हा वाद आहे.

मग अडचण कुठे येते?

सर्वसाधारण अभ्यासक्रमाची सुरुवात सिद्धान्तांपासून होते. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, मग त्यांच्या ‘नव’ आवृत्त्या. त्यापाठोपाठ शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रे, भारताचे परराष्ट्र धोरण आणि महासत्तांचे राजकारण येते. यातले काहीच निरुपयोगी नाही. प्रश्न क्रमाचा आणि प्रमाणाचा आहे. ज्या विद्यार्थ्याने एकही करार मुळातून वाचलेला नाही, त्याला करार का टिकतात याविषयीचे तीन सिद्धान्त पाठ असतात. ज्याने फराक्का बंधाऱ्याचा नकाशा पाहिलेला नाही, तो ‘जलराजनय’ या विषयावर दहा गुणांचे उत्तर लिहितो.

यात भर पडते ती स्पर्धा परीक्षेची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पत्रिकेत आंतरराष्ट्रीय संबंध आहेत आणि वैकल्पिक विषयातही आहेत. त्यामुळे अनेकांसाठी ही पदवी म्हणजे परीक्षेच्या तयारीचा सोयीचा मुक्काम. मग वर्गातही मुद्देसूद, संतुलित, कोणालाही न दुखावणारे उत्तर लिहिण्याची सवय लागते. प्रत्येक देशाशी संबंध ‘बहुआयामी’ असतात, प्रत्येक आव्हानापुढे ‘संधी’ असते आणि शेवटी ‘पुढील वाट’ असते. परीक्षेत हे चालून जाते. ढाक्याने अचानक आयात शुल्क का वाढवले, हे शोधायचे असेल तेव्हा ते कामाला येत नाही.

दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि समाजमाध्यमांनी दुसरी सवय लावली आहे. माहिती हाताशी येण्याआधी मत तयार असते. विद्यापीठाने करायचे काम याच्या नेमके उलट आहे. पदवीतून मत मिळायला नको, मत बनवण्याआधी काय वाचायचे आणि कुठे पाहायचे हे कळायला हवे. त्यासाठी चार गोष्टी लागतात : भाषा, दस्तऐवज, आकडे आणि नकाशा.

शेजाऱ्याची भाषा शिकणे एवढे महत्त्वाचे का?

गोव्यातल्या एका खेड्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचा अभ्यास करण्यासाठी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला श्रीलंकेत गेले. तिथे विहारात राहून पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात गेले. नंतर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, हार्वर्डमध्ये काम केले आणि लेनिनग्राडलाही अध्यापन केले. शिष्यवृत्ती, पारपत्र, ‘एक्स्चेंज प्रोग्रॅम’ यांतले काहीही हाताशी नसताना एका मराठी भाषक माणसाने हे केले. परक्या समाजात शिरायचे तर त्याच्या भाषेतून शिरावे लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आजच्या अभ्यासक्रमात भाषा असलीच तर ती बहुतेक वेळा ऐच्छिक, दोन-चार श्रेयांकांची असते. एका सत्रात फ्रेंच किंवा जर्मनची ओळख होते आणि पुढच्या सत्रात ती विसरली जाते. या भाषांबद्दल तक्रार नाही. पण भारताच्या दृष्टीने अधिक तातडीच्या भाषा जवळच्या आहेत. गंमत म्हणजे त्यांतल्या बऱ्याच आपल्याच आहेत. बांगलादेशची बंगाली, नेपाळची नेपाळी, पाकिस्तानातील उर्दू, सिंधी आणि पंजाबी, श्रीलंकेतील तमिळ या सगळ्या भाषा भारतीय राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहेत. त्या शिकवायला परदेशी प्राध्यापक आणावे लागत नाहीत. बंगाली वृत्तपत्र वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला ढाक्यातील संपादकीय, तिथल्या बाजारातील कांद्याचा भाव आणि भारताविषयीची नाराजी इंग्रजी भाषांतराची वाट न पाहता कळते. त्याला जोड म्हणून चिनी, फारसी, अरबी, सिंहली किंवा बर्मी यांपैकी एक घेता येईल.

भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा सक्तीने शिकावी लागते. सरकारला नोकरीत आल्यावर जे शिकवावे लागते, ते या विषयाच्या पदवीत ऐच्छिक असावे, हे विसंगत आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परदेशी भाषा शिकण्यासाठी वर्षानुवर्षे विद्यार्थी येत आले आहेत. भाषा विभाग आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विभाग एकाच विद्यापीठात असूनही एकमेकांना ओळखत नसतील, तर दोष पैशांच्या कमतरतेचा नाही.

करार वाचायला शिकवणे म्हणजे काय?

भारत आणि ‘एफ्टा’ गटातील चार देश, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन, यांच्यात १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार झाला. ‘१०० अब्ज डॉलरची गुंतवणूक येणार’ असे मथळे झळकले. करारातील भाषा मात्र वेगळी आहे. पहिल्या १० वर्षांत ५० अब्ज आणि त्यापुढील ५ वर्षांत आणखी ५० अब्ज डॉलरची गुंतवणूक वाढवण्याचे ‘उद्दिष्ट’ त्या देशांनी ठेवायचे आहे. गुंतवणूक करणे आणि तिचे उद्दिष्ट ठेवणे यांत कायद्याच्या भाषेत फार मोठे अंतर असते. ते गाठले नाही तर भारताने काय करायचे, त्याआधी किती टप्प्यांत सल्लामसलत करायची, हेही करारातच आहे. ते वाचणारा विद्यार्थी मथळ्यावर भाळत नाही आणि कराराला निव्वळ फसवणूकही म्हणत नाही. काय मिळाले आणि काय नाही, हे तो कलमावर बोट ठेवून सांगतो.

दुसरे उदाहरण गंगेचे. भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगा पाणीवाटप करार डिसेंबर १९९६ मध्ये झाला. त्याची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळात फराक्का येथे दर १० दिवसांच्या टप्प्याने पाणी वाटायचे. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे, ७० ते ७५ हजारांदरम्यान असेल तर ३५ हजार बांगलादेशला आणि उरलेले भारताला, त्याहून अधिक असेल तर ४० हजार भारताला आणि बाकीचे बांगलादेशला. ही रचना समजायला शालेय गणित पुरते. पण ती एकदा समजली की ‘पाणी देऊ नका’ आणि ‘पाणी द्या’ या दोन्ही घोषणांच्या पलीकडचा प्रश्न दिसतो. मुळात नदीत पाणीच कमी आले तर दोघांनी काय करायचे?

करार वाचता वाचता राज्यघटनाही वाचावी लागते. परराष्ट्र व्यवहार आणि करार केंद्राच्या सूचीत आहेत, पाणी राज्याच्या. अनुच्छेद २५३ संसदेला आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार देतो. तरीही सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे तिस्ता नदीचा करार होऊ शकला नाही. भू-सीमा कराराचेही असेच. तो १९७४ मध्ये झाला, पण त्यासाठी लागणारी १००वी घटनादुरुस्ती २०१५ मध्ये झाली. तोवर भारताची १११ आणि बांगलादेशची ५१ छोटी भूखंड-बेटे एकमेकांच्या हद्दीत अडकून पडली होती. तिथल्या माणसांना चार दशके ना धड शाळा मिळाली, ना धड ओळखपत्र. कराराच्या अंमलबजावणीला उशीर म्हणजे काय, हे पुस्तकातील व्याख्येपेक्षा या बेटांचा इतिहास चांगला शिकवतो.

आकडे आणि नकाशा कशासाठी?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर हल्ले वाढले आणि बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या मालाच्या प्रवासात सुमारे दोन आठवड्यांची भर पडली. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि युरोपकडे जाणारा मोठा माल नेदरलँड्समार्गे जातो. वातानुकूलित कंटेनरमध्ये दोन आठवडे जास्त राहिलेले द्राक्ष, वाढलेले भाडे, युद्धजोखमीचा विमा आणि उशिरा मिळणारे पैसे हा सगळा हिशेब निफाड-दिंडोरीतील बागायतदाराच्या वहीत उतरला. बाब-अल-मंदेब ही चिंचोळी सामुद्रधुनी नकाशावर दाखवता येत नसेल, तर गाझामधील युद्धाचा नाशिकशी संबंध काय हे सांगता येत नाही.

हाच नकाशा डिजिटल जगालाही लागू पडतो. भारताला युरोपशी जोडणाऱ्या समुद्रतळावरील अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि तांबड्या समुद्रातून पुढे जातात. २०२४ च्या सुरुवातीला त्या समुद्रातील तीन केबल तुटल्या. आपला संदेश ‘क्लाऊड’मधून जातो असे म्हणताना तो समुद्राच्या तळाशी असलेल्या तारेतून जातो, हे आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विद्यार्थ्याला माहीत असायलाच हवे. तसेच भारत-पश्चिम आशिया-युरोप मार्गिकेची घोषणा ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीतील जी-२० परिषदेत झाली आणि महिन्याच्या आत, ७ ऑक्टोबरला, हमासच्या हल्ल्याने त्या मार्गिकेच्या वाटेवरच युद्ध पेटले. घोषणा आणि भूगोल यांतील अंतर मोजायला नकाशाच लागतो.

आकड्यांचे असेच. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि माल नाकारला गेला. निर्यातदार आणि शेतकरी कर्जात बुडाले. हा वाद कोणत्याही परिषदेत झाला नाही, तो प्रयोगशाळेच्या अहवालातील दशांशचिन्हानंतरच्या आकड्यावर झाला. आता युरोपीय संघाची कार्बन सीमा शुल्क यंत्रणा लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा वस्तूंसाठी आली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू होतो. कारखान्यातील कार्बन उत्सर्जन मोजण्याची पद्धत हाच इथे परराष्ट्र धोरणाचा विषय झाला आहे. त्यामुळे आयात-निर्यातीची आकडेवारी कुठे मिळते, वस्तूचा संकेतांक काय असतो, शुल्काचा तक्ता कसा वाचायचा, चलनाचा दर बदलला की कोणाचा फायदा होतो, एवढे तरी या पदवीत यायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात चलनव्यवस्था आणि साम्राज्य यांचे नाते आकडेवारीच्या आधारे तपासले होते. हा ग्रंथ अर्थशास्त्राइतकाच आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या वर्गातही वाचला जायला हवा.

मग सिद्धान्त नकोतच का?

असे म्हणणे चुकीचे ठरेल. या मांडणीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की विद्यापीठ म्हणजे निर्यात प्रशिक्षण केंद्र नव्हे. कौशल्ये शिकवायची तर पदविका पुरेशी आहे, पदवीने विचार करायला शिकवावे. आक्षेपात तथ्य आहे. नुसते आकडे गोळा करणाऱ्याला ‘का’ विचारता येत नाही. छोटे देश मोठ्या शेजाऱ्याला का बिचकतात, एका देशाने सुरक्षेसाठी उचललेले पाऊल दुसऱ्याला धमकी का वाटते, आर्थिक परस्परावलंबन वाढूनही युद्ध का होते, याची उत्तरे सिद्धान्ताशिवाय सापडत नाहीत.

मात्र सिद्धान्त उदाहरणानंतर यावा. विद्यार्थ्याने आधी कांद्याचा, नदीचा किंवा सीमेचा एक प्रश्न हाताळलेला असेल, तर सिद्धान्त त्याला उपयोगी पडतो. नाही तर तो केवळ पाठांतराचा विषय ठरतो. शिवाय सिद्धान्त फक्त पाश्चात्त्य विद्यापीठांतूनच येतो असेही नाही. कौटिल्याच्या मंडल सिद्धान्ताचा उल्लेख आता सर्रास होतो, पण तोही एका परिच्छेदात उरकला जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकर व्यापाऱ्यांना इतर सावकारांसारखे समजू नये, त्यांच्या पाठीशी राजसत्ता असते, त्यांना समुद्रकिनारी मोक्याची जागा देऊ नये, असा इशारा आहे. व्यापार, आरमार आणि सार्वभौमत्व यांचा एकत्र विचार करणारा हा मजकूर मराठीत आहे. बंदरांमधील परकीय गुंतवणुकीवर आज जी चर्चा होते, तिच्या शेजारी तो ठेवून वाचता येईल. अभिमानासाठी तो वाचायचा नाही. त्यातला तर्क आजही टिकतो का आणि कुठे अपुरा पडतो, हे तपासण्यासाठी वाचायचा.

नोकरीचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या सुमारे हजाराच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या देशासाठी ती कमीच, पण दरवर्षी या विषयाच्या पदव्या घेणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा मिळणार नाही, हेही उघड आहे. विचारगट दिल्लीत आहेत आणि मोजके आहेत.

पण परदेशाशी व्यवहार आता फक्त परराष्ट्र मंत्रालय करत नाही. कांद्याची अधिसूचना काढणारे विदेश व्यापार महासंचालनालय वाणिज्य मंत्रालयाचे आहे. परराष्ट्र मंत्रालयानेही राज्यांशी समन्वयासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू केला. बंदरे, जहाज कंपन्या, सीमाशुल्क दलाल, निर्यातदारांचे संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, विमा, बँकांचे परकीय चलन विभाग, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे नियमपालन विभाग आणि वृत्तसंस्था या सगळ्यांना परदेशातील बदल वेळेवर ओळखणारी माणसे लागतात. बंगाली वाचणारा, शुल्काचा तक्ता समजणारा आणि करारातील कलम शोधून काढणारा पदवीधर त्यांच्या कामाचा आहे. चार सिद्धान्तांची तुलना करणारा पदवीधर त्यांना दाखवता येईल असे काही सोबत आणत नाही.

प्रत्यक्षात हे करायचे कसे?

यासाठी नवी इमारत किंवा परदेश दौरा लागत नाही. दोन वर्षांच्या चारही सत्रांत एकच भाषा सलग ठेवावी आणि शेवटी त्या भाषेतील वृत्तपत्र वाचता येते का, याची परीक्षा घ्यावी. पहिल्या सत्रात शेजारी देशांचा भूगोल, इतिहास आणि त्यांच्या राज्यघटना शिकवाव्यात. अनेक विद्यार्थ्यांना अमेरिकी काँग्रेसची रचना माहीत असते, नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत काय आहे हे माहीत नसते. दुसऱ्या सत्रात किमान तीन करार मूळ मसुद्यातून वाचून घ्यावेत. हे मसुदे सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध असतात, संसदेतील प्रश्नोत्तरेही तशीच. तिसऱ्या सत्रात सिद्धान्त आणि आर्थिक आकडेवारी एकत्र शिकवावी. चौथ्या सत्रात प्रत्येकाने एक वस्तू, एक नदी, एक सीमा किंवा एक समुद्रमार्ग निवडून त्याचा माग काढावा.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विषय शोधत दूर जावे लागणार नाही. विदर्भातील संत्र्याची मोठी बाजारपेठ बांगलादेश होती आणि त्या देशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरील आयात शुल्क वाढवत नेले. भारताच्या कांदा निर्यातबंदीला दिलेले हे उत्तर होते, असे अनेकदा सांगितले जाते. खरेच तसे होते, की परकीय चलन वाचवण्यासाठी ढाक्याने सगळ्याच फळांवर शुल्क वाढवले? दोन्ही निर्णयांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून, बांगलादेशचे अर्थसंकल्प पाहून आणि वरूड-मोर्शीतील व्यापाऱ्यांशी बोलून याचे उत्तर शोधता येईल. असा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडणार नाही. त्याची वाट पाहणारे वाचक अमरावतीत आहेत.

आणखी एक गोष्ट भाषेचीच आहे. मराठी माध्यमातून आलेले अनेक विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने या विषयाकडे फिरकत नाहीत, किंवा आले तर वर्गात गप्प राहतात. करार इंग्रजीत वाचावे लागतील, त्याला इलाज नाही. पण चर्चा, उत्तरे आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा खरोखर वापरता येईल अशी असायला हवी. ज्या गावांवर परदेशी निर्णयांचा परिणाम सर्वात आधी होतो, त्या गावांतील मुले या विषयाच्या बाहेर राहिली, तर त्या परिणामांबद्दल बोलणारे सगळे दिल्लीतच बसलेले असतील.

शेवटी कसोटी कोणती?

ऑक्टोबर २०१९ मध्ये, भारताने त्याआधीच्या महिन्यात घातलेल्या कांदा निर्यातबंदीनंतर, बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, असे त्या हसत हसत म्हणाल्या आणि अशा निर्णयाची आधी कल्पना दिली असती तर बरे झाले असते, असेही त्यांनी सुचवले. सभागृहात हशा पिकला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा बंदी आली आणि २०२३ मध्ये पुन्हा. दरवेळी शेजारी देशांनी कांद्यासाठी दुसऱ्या देशांची दारे ठोठावली आणि दरवेळी आपल्या शेतकऱ्याने बाजारपेठ गमावण्याची भीती बोलून दाखवली.

त्या हशामागची तक्रार ऐकू येणे, ती कोणत्या फाइलमध्ये नोंदवायला हवी होती हे माहीत असणे आणि तिचा लासलगावातील भावाशी असलेला संबंध मांडता येणे, हे ज्याला जमते त्याने हा विषय शिकला असे म्हणता येईल. विद्यापीठांनी अभ्यासक्रम बदलताना एवढी एकच कसोटी समोर ठेवली तरी पुरे आहे. आणि प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांनीही विभागाला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : इथे कोणती भाषा वाचायला शिकवता, आणि दोन वर्षांत किती करार मुळातून वाचून घेता?